२९ इंची स्लिम ट्यूबचा टीव्ही : सोसायटी ग्रुपवरची चर्चा

ए-३०२ : मंडळी, २९ इंची स्लिम पिक्चर ट्यूबचा टीव्ही आजच खोक्यातून काढून लावला. वरच्या डाव्या कोपऱ्यात हिरवट डाग दिसून राहिला आहे. खालची बातम्यांची पट्टी वाकडी आहे आणि चेहरे लालभडक. फ्री डिशचा बॉक्स आणि डीव्हीडी प्लेअर जोडला आहे. मेकॅनिक बोलवू की मेनूतून होईल?

सी-१०४ : आत्ता मेनूला हात लावू नका भाऊ. टीव्हीच्या आजूबाजूला काय काय ठेवलं आहे?

ए-३०२ : डावीकडे होम थिएटरचा स्पीकर, खालच्या खणात इन्व्हर्टर. उजवीकडे खिडकी, तिथे कूलर.

सी-१०४ : म्हणजे डाग स्पीकरमुळेच. त्याच्या चुंबकाने ट्यूबमधली जाळी भारली जाते, इलेक्ट्रॉनचा किरण सरकतो आणि लाल ठिपक्याऐवजी शेजारच्या हिरव्यावर पडतो. स्पीकर निदान दोन फूट लांब न्या. मग टीव्ही रिमोटने नाही, पुढच्या मेन बटणाने बंद करा, अर्धा तास थांबा आणि त्याच बटणाने चालू करा. चालू होताना ‘घूंऽ’ असा आवाज येईल, ती डीगॉसिंग कॉइल, म्हणजे जाळीचं चुंबकत्व घालवणारी. तिच्यासोबतचा पोझिस्टर (तापला की करंट अडवणारा भाग) गरम असेपर्यंत कॉइलला पुरेसा करंट मिळत नाही, म्हणून लागोपाठ चालू-बंद करून उपयोग नाही. टीव्हीची दिशा बदलली तरी हेच करायचं, कारण पृथ्वीच्या चुंबकत्वाचाही परिणाम होतो.

इन्व्हर्टरही तिथून काढा. त्याच्या ट्रान्सफॉर्मरच्या ५० हर्ट्झच्या क्षेत्राने चित्र हलतं. पालवर, म्हणजे आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीत, टीव्हीही ५० हर्ट्झचाच, म्हणून तिथे फक्त हळू डोलतं. एनटीएससी (अमेरिकी पद्धत, ६० हर्ट्झ) डिस्क लावा, थरथर चटकन दिसेल.

बी-२०१ : कूलरचं मीही सांगते. वाळ्याच्या ताटीतली ओली हवा थेट टीव्हीच्या मागे जायला नको. ट्यूबवर २५ ते ३० हजार व्होल्ट असतात. धूळ आणि ओल मिळून त्या जाड वायरच्या रबरी टोपीभोवती चट् चट् ठिणगी सुरू होते. मागे चार बोटं जागा मोकळी ठेवा. आणि मागचं कव्हर घरी उघडू नका, बंद टीव्हीतही ट्यूबमध्ये चार्ज राहतो. आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी सगळे कूलर सुरू झाले की व्होल्टेज पडतं, स्टॅबिलायझर असलेला बरा. पण तोही टीव्हीला चिकटून ठेवू नका.

ए-३०२ : ताई, कूलरचं तोंड फिरवलं. स्पीकर आणि इन्व्हर्टर हलवले, अर्ध्या तासाने चालू केला. डाग पूर्ण गेला! पट्टी मात्र अजून वाकडीच.

सी-१०४ : छान. आता तीन गोष्टी वेगळ्या ओळखा. रंगाचा डाग म्हणजे प्युरिटी. रेघ वाकडी म्हणजे जॉमेट्री. अक्षरांना लाल-निळी सावली म्हणजे कन्व्हर्जन्स, ते ट्यूबच्या मानेवरच्या चुंबकी रिंगांवर आणि यो‍कच्या रबरी पाचरांवर असतं (योक म्हणजे किरण वळवणारी कॉइल). कोपऱ्यात जराशी सावली चालेल. भरपूर असेल तर वाहतुकीत पाचर सरकली असेल, ते मेकॅनिकचं काम.

स्लिम ट्यूबला जॉमेट्रीचा त्रास जास्त का, ते समजून घ्या. साध्या ट्यूबमध्ये किरण साधारण १०२ ते ११० अंशांत फिरतो. खोली कमी करायची म्हणून स्लिममध्ये तो १२० ते १२५ अंशांपर्यंत वळवावा लागतो. मग किरण सोडणाऱ्या गनपासून काचेच्या मध्याचं आणि कोपऱ्याचं अंतर फार वेगळं पडतं, बाजू आत ओढल्या जातात आणि सर्किटला त्या सरळ कराव्या लागतात. त्यामुळे अगदी कोपऱ्यातला थोडा बाक आणि फिका फोकस हा या ट्यूबचा स्वभाव आहे, त्याच्या मागे लागू नका. पूर्ण पट्टी एका बाजूला कलली असेल तर आधी मेनूत ‘टिल्ट’ किंवा ‘रोटेशन’ आहे का पाहा.

ए-३०२ : टिल्ट आहे! दोन पायऱ्या फिरवला, पट्टी सरळ झाली. पण गोल घड्याळ अंड्यासारखं दिसून राहिलं आहे.

सी-१०४ : डीव्हीडी प्लेअरमध्ये टीव्ही टाइप ४:३ करा आणि प्रोग्रेसिव्ह स्कॅन बंद करा, साध्या ट्यूबला तो सिग्नल चालत नाही, चित्र फाटतं. बॉक्समध्येही ४:३. १६:९ राहिलं तर माणसं उंच-बारीक दिसतात.

ए-३०२ : प्लेअर १६:९ वरच होता. बदलला. आता टेस्ट डिस्कवरचा (तपासणीच्या आकृत्यांची डीव्हीडी) गोल फूटपट्टीने मोजला, आडवा १८.६ सेंमी, उभा १८.

सी-१०४ : आता सर्व्हिस मेनू, म्हणजे मेकॅनिकसाठीचा लपलेला मेनू. टीव्ही अर्धा तास तापलेला हवा. आत गेल्यावर प्रत्येक पानाचा फोटो काढा, त्याशिवाय एकही आकडा बदलू नका. उभी उंची, उभी जागा, आडवी रुंदी, मग बाजूंचा बाक, शेवटी ट्रॅपेझियम (वरची आणि खालची रुंदी सारखी करणं), याच क्रमाने. तुमच्या बाबतीत आडवी रुंदी कमी करून पाहा. काठाला काळी पट्टी दिसायला लागली तर थांबा आणि उरलेला फरक उंची वाढवून काढा. पाल आणि एनटीएससीचे आकडे बहुतेक सेटमध्ये वेगवेगळे साठवलेले असतात, दोन्ही डिस्कवर तपासा. ‘ऑप्शन’ नावाच्या पानाला शिवू नका, तिथे चुकलं तर टीव्ही चालूच होणार नाही असंही होऊ शकतं.

बी-२०१ : आणि लाल चेहरे? पिक्चर मोड ‘डायनॅमिक’वर असेल, तो शोरूमच्या उजेडासाठी असतो. ‘मूव्ही’ किंवा ‘स्टँडर्ड’ घ्या, कलर टोन ‘वॉर्म’. रात्री नेहमीचा दिवा लावूनच सेट करा. ब्राइटनेस काळ्यासाठी असतो, वरखाली काळ्या पट्ट्या असलेला सिनेमा लावा, पट्ट्या राखाडी दिसणं थांबलं की पुरे. त्याखाली गेलात तर काळ्या कोटाच्या घड्या दिसत नाहीत. कॉन्ट्रास्ट ६०-७० पासून सुरू करा. पांढरा चौकोन आला की चित्राची कड बाहेर फुगते का ते बघा, फुगली तर कमी करा. शार्पनेस इतकाच, की अक्षरांभोवतीची पांढरी कड जाईल.

रंगासाठी बर्डीच्या बाजारातून निळा जिलेटिन कागद आणा. दोन-तीन घड्या करून टेस्ट डिस्कच्या रंगपट्ट्या त्यातून पाहा, लाल आणि हिरवी पट्टी जवळपास काळी व्हायला हवी. नाही झाली तर अजून एक घडी. मग राखाडी आणि निळी पट्टी सारखी उजळ दिसेपर्यंत ‘कलर’ कमी-जास्त करा. ‘टिंट’ फक्त एनटीएससीवर चालतो, पालवर तो शोधू नका.

ए-३०२ : रुंदी तीन पायऱ्या कमी केली. गोल आता १८.१ आणि १८. ‘कलर’ ५८ वरून ४४ वर आला, चेहरे माणसांसारखे दिसतात. फोटो टाकतो.

सी-१०४ : ते आकडे कागदावर लिहून टीव्हीच्या पाठीवर चिकटवा. फक्त हवेच्या जाळीवर चिकटवू नका.