चिऱ्याच्या घरात स्मार्ट स्विच सारखे ऑफलाइन. मोठा राउटर घेऊ का?

ठाण्याची_लेक:
आईबाबा चिपळूणला असतात. जांभ्याच्या चिऱ्याचं घर आहे, खाली हॉल-स्वयंपाकघर, वर दोन खोल्या आणि गच्चीत टाकी. फायबरचा राउटर हॉलमध्ये, टीव्हीच्या मागे. टाकीची मोटर, गीझर आणि जिन्यातला बल्ब वायफायवर घेतलेत. मोटरचा स्विच वरच्या बोर्डात आहे. आईचे गुडघे दुखतात म्हणून तो मोबाईलवर आणला, तर आता ती "दिसतच नाही गो" म्हणून मला फोन करते आणि शेवटी जिना चढतेच. ॲपमध्ये त्या स्विचचा सिग्नल -८२ दाखवतो (आकडा शून्याकडे जितका जवळ, तितका सिग्नल चांगला). त्याच जागी तिच्या मोबाईलवर व्हिडिओ मात्र छान चालतो! दुकानदार म्हणतो मोठा राउटर घ्या.

वायरमन_खेड:
ताई, पैसे घालवू नका. मोठ्या राउटरचा सिग्नल लांब जाईल, पण स्विचलाही उलट उत्तर द्यावं लागतं ना? त्याचा अँटेना बोटाच्या पेराएवढा, तो तेवढाच राहणार. व्हिडिओचं म्हणाल तर तो पुढचं आधीच भरून ठेवतो, म्हणून मधले खंड कळत नाहीत. -६५ च्या आसपास असेल तर निर्धास्त, -७५ च्या खाली गेलं की रडारड सुरू.

आधी मेन बंद करून तो बोर्ड उघडायला लावा. आमच्याकडच्या जुन्या घरांत चिरा कोरून आत पत्र्याचा बॉक्स बसवलेला असतो. स्मार्ट स्विचचं मॉड्यूल, म्हणजे वायफायचा छोटा डबा, बहुतेक वेळा त्याच्या तळाशी कोंबलेलं, वर वायरींचा गुंता. मागून आणि चारी कडांनी पत्रा, सिग्नलला वाट फक्त पुढच्या प्लेटमधून. मी मॉड्यूल पुढे ओढून प्लेटच्या मागे घेतो, जागा नसेल तर सरळ पीव्हीसीचा बॉक्स टाकतो.

राउटर टीव्हीच्या मागून काढा आणि जिन्याच्या तोंडाशी, डोक्याच्या उंचीला लावा. सेटिंगमध्ये वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्याचं चॅनेल 'ऑटो'वर ठेवू नका. १, ६, ११ पैकी शेजारी कमी वापरतात ते घ्या, रुंदी २० मेगाहर्ट्झ. एवढं करूनही वर पोचत नसेल तर जिन्यातून लॅनची केबल वर न्या आणि तिथे दुसरा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे केबलवरून वायफाय देणारा डबा, लावा. सॉकेटला खोचायचा रिपीटर नको. जिथे सिग्नल मेलाय तिथेच लोक तो लावतात, मग तो मेलेलाच सिग्नल पुढे देतो.

आणि मोटर थेट स्मार्ट स्विचवर आहे का? सुरू होताना मोटर पाच-सहा पट करंट ओढते, स्विचच्या आतला रिले (करंट जोडणारा-तोडणारा छोटा खटका) चिकटतो. मध्ये काँटॅक्टर, म्हणजे मोटरचा जड करंट सोसणारा वेगळा खटका, हवाच.

पावसात जास्त त्रास होतो का?

ठाण्याची_लेक:
हो! जून लागला की सुरू. आणि जिन्यातला बल्ब कधीकधी आपोआप लुकलुकत बसतो.

झिगबी_पुणे:
स्विच-बल्बसाठी वायफाय सोडा, झिगबी घ्या, म्हणजे स्मार्ट उपकरणांचं वेगळं बिनतारी जाळं, ते एका हबवरून चालतं. लाईटवर चालणारी बहुतेक उपकरणं एकमेकांचा निरोप पुढे देतात, त्यामुळे वरच्या मजल्यापर्यंत साखळी होते. वायफाय चॅनेल १ वर ठेवा आणि झिगबी चॅनेल २५ वर, म्हणजे दोघं एकमेकांच्या पायात येत नाहीत. हबचा डाँगल (यूएसबीत खोचायचा झिगबीचा तुकडा) यूएसबी ३ च्या पोर्टजवळ खोचू नका, त्या पोर्टचा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झमध्येच पडतो. मीटरभर एक्स्टेंशन वायर लावून लांब ठेवा. फक्त बल्बचा भिंतीवरचा खटका कुणी बंद केला की साखळी तिथे तुटते.

वायरमन_खेड:
पुणेकर, सगळं बरोबर. पण हब अडकला तर चिपळुणात तो बघणार कोण? मला रात्री फोन येतो, तुम्हाला नाही.

ताई, जांभा सच्छिद्र दगड, पावसात पाणी धरतो आणि ओल्या भिंतीतून सिग्नल आणखी कमी होतो. पण बल्बचं कारण वेगळं आहे. बऱ्याच कंपन्यांचे बल्ब लागोपाठ काही वेळा चालू-बंद केले की नव्याने जोडणीला तयार होतात आणि लुकलुकतात. पावसात लाईट तशीच येते-जाते. बल्बला वाटतं, मालकानेच खटका दाबला. तिथे साधा एलईडी लावा, जिन्यात स्मार्ट कशाला?

लाईट आली की स्विच लगेच जागे होतात, फायबरची वायर ज्यात येते त्या डब्याला मात्र दोन-तीन मिनिटं लागतात. काही स्विच तेवढं थांबत नाहीत, कंटाळून गप्प बसतात. राउटर आणि तो डबा दोन्ही १२ व्होल्टचे असतील तर एक छोटा यूपीएस (बॅटरीचा डबा) पुरतो. आमच्या भागातल्या निम्म्या 'सिग्नल'च्या तक्रारी त्यानेच मिटतात.

ठाण्याची_लेक:
बोर्ड उघडायला माणूस सांगितलाय. पण बाबा ढग गडगडले की मेनच पाडतात आणि फायबरच्या डब्याचा प्लगही काढतात. मी रागावले तर म्हणतात, तुझं वायफाय महत्त्वाचं की घर.

वायरमन_खेड:
बाबांचं बरोबर आहे, त्यांना अडवू नका. परतीच्या पावसात आमच्याकडे विजा कशा पडतात ते ठाण्यात बसून कळणार नाही. तुम्ही फक्त ॲपमध्ये मोटरच्या स्विचची 'लाईट आल्यावरची स्थिती' बघा. ती 'बंद' ठेवा. 'आधी होती तशी' ठेवलीत तर मेन वर केल्याबरोबर मोटर सुरू होईल, टाकी वाहील, आणि आईंचा फोन परत तुम्हालाच.