मदत हवी आहे: इटालियन माशांची इंग्रजी नावं (आज रात्रीपर्यंत!)

ओली_वाळू
मैत्रिणीच्या सासऱ्यांच्या हॉटेलचं मेनूकार्ड इंग्रजीत करून देते म्हणाले आणि फसले. उद्या सकाळी छपाईला जातंय. मशीनने 'कोडा दि रोस्पो'चं 'टोड्स टेल' केलंय, 'पेशे सान पिएत्रो'चं 'सेंट पीटर्स फिश'. चालेल? ब्रान्झीनो आणि स्पीगोला दोन्हींना 'सी बास' येतंय, पण दर वेगळे आहेत, म्हणजे मासेही वेगळेच असणार ना? बकाला म्हणजे सॉल्ट कॉड, ते माहीत आहे. बाकीचे पटकन सांगा.

खाडीवरचा
बाकीचे म्हणजे कुठले? यादी टाका की. आणि हॉटेल इटलीत कुठे?

तिरफळ
भाषांतर करूच नका. इटालियन नावं ठेवा. न्यूयॉर्कात मेनूवर सरळ ब्रान्झीनो लिहितात, लोक खातात.

खाडीवरचा
न्यूयॉर्कात खातील हो, लंडनवाल्याला सी बासच लागतो. गिऱ्हाईक कुठलं ते आधी कळू दे.

लॅटिन_काका
ब्रान्झीनो आणि स्पीगोला एकच मासा, डिसेंट्रार्कस लाब्राक्स. उत्तरेत पहिलं नाव, दक्षिणेत दुसरं. दर वेगळे का, ते मालकांना विचारा. कोडा दि रोस्पो म्हणजे मंकफिश. सान पिएत्रोला जॉन डोरी लिहा, 'सेंट पीटर्स फिश' वाचून बऱ्याच जणांना तिलापिया वाटेल. अडलं तर माशाच्या खोक्यावरचं लेबल बघा. युरोपात 2013च्या नियमाने त्यावर शास्त्रीय नाव लागतंच.

सुका_बाजार
आपल्याकडे तरी काय वेगळं! बोंबील म्हणे बाँबे डक, रावस म्हणे इंडियन सामन. बाकी सी बास म्हणजे आपला जिताडाच. कालवणाची कृती देऊ का?

खाडीवरचा
जिताडा म्हणजे बारामुंडी. कूळच वेगळं.

सुका_बाजार
कूळ शिजवायचंय की मासा?

ओली_वाळू
अहो, जिताडा कुठून आला मध्येच! हॉटेल कियोज्जात आहे, गिऱ्हाईक जर्मन आणि इंग्रज. राहिलेत ते: ओराता, त्रिल्ये, कानोचे, मोएके, बकाला मान्तेकातो.

लॅटिन_काका
कियोज्जा! हे पहिल्याच ओळीत सांगायचं नाही का? मग तुमचा सॉल्ट कॉड चुकला. व्हेनिसच्या बाजूला बकाला म्हणतात तो स्टोकाफिसो, नॉर्वेत मीठ न लावता वाऱ्यावर वाळवलेला कॉड. मान्तेकातो म्हणजे तो शिजवून तेलात लोण्यासारखा घोटलेला. स्टॉकफिश लिहा. ओराता गिल्टहेड सी ब्रीम. त्रिल्ये रेड मलेट, 'रेड' गाळू नका, नाहीतर बोय होईल. कानोचे मँटिस श्रिंप. मोएके म्हणजे नुकतीच कात टाकलेले मऊ खेकडे, सॉफ्ट-शेल क्रॅब. ते वसंतात आणि शरदातच मिळतात, कायमच्या कार्डावर छापू नका.

घासफूस
कियोज्जात शाकाहारी माणसाचं काय होतं? जूनमध्ये जातोय.

ओली_वाळू
काका, _/\_. मालकांना फोन केला. ब्रान्झीनो पिंजऱ्यात वाढवलेला, स्पीगोला समुद्रात पकडलेला. स्वयंपाकी नापोलीचा, म्हणजे दक्षिणेतला, महागातल्याला त्याने त्याच्याकडचं नाव दिलंय. मी 'फार्म्ड सी बास' आणि 'वाइल्ड सी बास' केलं, तर सासरेबुवा म्हणतात 'फार्म्ड' छापायचं नाही. आता?

तिरफळ
मी काय म्हणत होतो?