मिशिगन सोडून कार्लटन? लेकीचं ऐकावं का?

सांगलीची_आई
नमस्कार मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे पण प्लीज पूर्ण वाचा, आमच्याकडे 1 मे पर्यंतच वेळ आहे. मुलगी यंदा बारावीला, मॅथ्स म्हणजे तिचा जीव की प्राण, आणि गेल्या दोन वर्षांत इतिहासाचं वेड लागलंय. अमेरिकेत अप्लाय केलं होतं, त्यात अ‍ॅन आर्बरच्या मिशिगन युनिव्हर्सिटीत झालं. आम्ही पेढे वाटले. आठवड्याने मिनेसोटातल्या कार्लटन कॉलेजचंही पत्र आलं आणि तेव्हापासून ती म्हणतेय की मला इथेच जायचंय.

आता अडचण अशी की कार्लटन आमच्याकडे कुणाला माहीत नाही. आमचे हे विचारतात युनिव्हर्सिटी सोडून कॉलेजात कशाला, मग डिग्री कुणाची मिळणार? दीर म्हणतात कर्ज काढा पण नाव घ्या. मिशिगन परदेशी मुलांना गरजेप्रमाणे मदत देत नाही, तिथला वर्षाचा खर्च 80 हजार डॉलरच्या वर जातोय, म्हणजे घर तारण ठेवावंच लागेल. कार्लटनने मदत दिलीय, आमच्या वाट्याला वर्षाला 24 हजार येतील, तेही आम्हाला थोडे नाहीत पण झेपतील.

ती म्हणते तिथे सगळी मिळून दोनेक हजारच मुलं आहेत, सर मला नावाने ओळखतील. मला तिचं पटतंय, पण उद्या नोकरीच्या वेळी तिने म्हणायला नको की आई तेव्हा तू मला अडवलं का नाहीस. खरंच झोप लागत नाहीये. कुणी तिकडे शिकलंय का, किंवा कुणाची मुलं आहेत का अशा ठिकाणी?

टीए_होतो_एकेकाळी
ताई, आधी डिग्रीचं सांगतो कारण हा घोळ आपल्याकडे सगळ्यांचा होतो. आपल्याकडे कॉलेज म्हणजे कुठल्यातरी विद्यापीठाला जोडलेलं, पेपर विद्यापीठाचा, डिग्री विद्यापीठाची. कार्लटनचं तसं नाही, 1866 पासूनची स्वतंत्र संस्था आहे आणि बीएची डिग्री स्वतःच देते. आणि हो, मॅथ्स घेतलं तरी डिग्री बीएच मिळते, तिकडे त्याने काही फरक पडत नाही, पण घरच्यांना आत्ताच सांगून ठेवा नाहीतर चार वर्षांनी पुन्हा हाच प्रश्न येईल. तिथे मास्टर्स नाही, पीएचडी नाही. हीच खरी गोष्ट आहे.

का ते सांगतो. मी एका मोठ्या स्टेट युनिव्हर्सिटीत पीएचडी केली, नाव राहू दे. तिथे पाच वर्षं टीए होतो, म्हणजे प्रोफेसरांच्या हाताखाली शिकवणारा पीएचडीचा विद्यार्थी. पहिल्या वर्षाच्या लेक्चरला तीनशे-साडेतीनशे मुलं, प्रोफेसर लांब खाली फळ्याजवळ, आणि शंका विचारायला, पेपर तपासायला मी. मी मनापासून शिकवायचो पण माझी स्वतःची पीएचडीची क्वालिफायर परीक्षा डोक्यावर असायची आणि प्रोफेसरांनाही रिसर्चची ग्रँट आणायची असायची, त्यात वाईट कुणीच नव्हतं हो, पण त्या मुलांना नावानिशी ओळखणारं पण कुणी नव्हतं. एक मुलगी प्रूफ फार सुंदर लिहायची. तिला शिफारसपत्र हवं होतं आणि प्रोफेसरांना तिचा चेहरा आठवेना. शेवटी पत्राचा मजकूर मी लिहून दिला आणि सही त्यांची झाली. ती गोष्ट मला अजून टोचते.

जिथे पीएचडीची मुलंच नाहीत तिथे टीए येणार कुठून, प्रोफेसरच शिकवणार, तपासणार, आणि लॅबमध्ये मदतीला पण पदवीचीच मुलं घेणार. टॉमस चेक, 1989 चं केमिस्ट्रीचं नोबेल, पदवी आयोवातल्या ग्रिनेल कॉलेजची. जेनिफर डाउडना, 2020 चं नोबेल, पदवी पोमोना कॉलेजची. दोन्ही अशीच छोटी कॉलेजं.

निळी_पिवळी_जर्सी
मी वेगळं बोलतो, राग मानू नका. मिशिगनला मी स्वतः होतो आणि मला चार वर्षांत जे मिळालं ते छोट्या जागी मिळालं नसतं. मॅथ्स खरोखर पुढे नेणारी मुलं तिसऱ्या वर्षीच पीएचडीच्या मुलांबरोबर ग्रॅज्युएट कोर्स घेतात, कार्लटनला तो जिनाच नाही, तिथे मॅथ्सचे वरचे कोर्स मोजकेच असणार आणि काही तर एक वर्षाआड. करिअर फेअरला कंपन्यांची रांग लागते. पुण्या-बंगळुरात परत आलात तर एचआरला मिशिगन सांगावं लागत नाही, कार्लटन सांगावं लागेल. आणि ज्याला गर्दीत स्वतःची वाट काढता येते त्याला गर्दी बाधत नाही. स्टेडियममध्ये एक लाखावर माणसं बसतात, तो आवाज ऐकून अंगावर काटा येतो, ती पण एक शिकवणच आहे.

पण घर तारण ठेवून? नाही. ते मीही करू नका म्हणेन.

मिनियापोलिसकर
कार्लटन आमच्यापासून पाऊण तासावर, दोन्ही मुलांना घेऊन बघून आलोय म्हणून प्रॅक्टिकल लिहितो. गाव नॉर्थफील्ड, वीसेक हजार वस्ती, आणि त्याच गावात सेंट ओलाफ नावाचं अजून एक कॉलेज. थंडी मात्र सिरियसली घ्या, जानेवारीत उणे 20 सेल्सिअस म्हणजे नवल नाही, सांगलीतून जाड जॅकेट आणून उपयोग नाही, इथेच घ्या. कॉलेजला लागून आठशेक एकराचं आर्बोरेटम आहे, मुलं त्याला नुसतं आर्ब म्हणतात. एक घर आहे, डेसी मोझेस हाउस, तिथे कुणीही जाऊन कुकीज भाजाव्यात, सामान कॉलेजचं. माझी धाकटी तिथेच अडकून बसली होती.

अभ्यास मात्र निवांत नाही. सेमिस्टर नसतात, दहा-दहा आठवड्यांच्या तीन टर्म, प्रत्येक टर्मला साधारण तीन विषय. जरा आजारी पडलं की मिडटर्म समोर. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी स्वतःच्या लिखाणाचा पोर्टफोलिओ द्यावा लागतो, मॅथ्सवाल्यांनाही, आणि शेवटच्या वर्षी कॉम्प्स म्हणजे मोठा प्रोजेक्ट. मराठी माध्यमाची असेल तर इंग्रजी लिहायची सवय आत्तापासून करू द्या. थँक्सगिव्हिंगपासून नव्या वर्षापर्यंत लांब सुट्टी असते, तेव्हा तिकीट परवडलं नाही तर आमच्याकडे येऊ दे, खरंच सांगतोय, मेसेज करा.

नोकरीचं एकच. सध्याच्या नियमाने एफ-1 म्हणजे विद्यार्थी व्हिसावर शिकलेल्याला डिग्रीनंतर 12 महिने काम करता येतं, स्टेम म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित यातला विषय असेल तर आणखी 24. तिथे कॉलेजचं नाव बघत नाहीत, विषयाचा कोड बघतात. मॅथ्स किंवा स्टॅटिस्टिक्स घेतलं तर प्रश्न नाही, नुसता इतिहास घेतला तर एकच वर्ष. दोन्ही मेजर, म्हणजे मुख्य विषय म्हणून, करता येतात का ते आत्ताच ईमेल करून विचारा.

पेठेतल्या_काकू
सांगलीची आई, तुम्ही लिहिलंत की कार्लटन तुमच्याकडे कुणाला माहीत नाही, म्हणून मी लॉगिन केलं गं. तुमच्या वाळवा तालुक्यातलं कासेगाव. तिथे आयुष्य काढलं त्या गेल ऑम्व्हेट, जोतिरावांच्या सत्यशोधक चळवळीवर पीएचडी केली बर्कलीतून, बाई मूळच्या मिनेसोटाच्या आणि पदवीला कुठे होत्या? कार्लटनला. आणि बाबासाहेबांच्या चळवळीवर प्रबंध लिहिणाऱ्या एलिनॉर झेलियट, त्या कार्लटनला 1969 पासून 1997 पर्यंत इतिहास शिकवत होत्या. चोखामेळ्यावर बोलायला लागल्या की ऐकत राहावंसं वाटायचं.

मला हे माहीत आहे कारण मध्य-पश्चिमेतल्या अशा छोट्या कॉलेजांनी मिळून पुण्यात कित्येक वर्षं एक कार्यक्रम चालवला, तिकडची मुलं येऊन मराठी शिकायची आणि पुण्यातल्या घरांत राहायची. आमच्याकडे दोन मुली राहून गेल्या. पहिलीला आल्यावर "पाणी" पण म्हणता येत नव्हतं, जाताना सासूबाईंशी भांडून पोळी स्वतः लाटत होती. तिचे सर तिला दर पंधरवड्याला पत्र लिहायचे, अभ्यासाचं कमी आणि जेवतेस का, कुणाशी बोलतेस का हेच जास्त. मी ती पत्रं वाचायचे, ती वाचायला द्यायची. तेव्हा माझा मुलगा इथे इंजिनिअरिंगला होता, चार वर्षांत त्याला एकाही सरांनी असं विचारलं नव्हतं.

तुमच्या लेकीला मॅथ्स आणि इतिहास दोन्ही हवंय ना, मग तिला विचारा तरी की तिने झेलियट वाचलीय का.

सांगलीची_आई
काकू, तुमचं वाचून तिला हाक मारली. ती म्हणाली अगं आई, कार्लटनचं नाव मला तिथूनच कळलं, गेल ऑम्व्हेटांचं पुस्तक वाचताना मागे लिहिलेलं बघितलं होतं. आम्हाला तिने हे सांगितलंच नव्हतं, आम्ही विचारलंही नव्हतं. ह्यांनी सगळे रिप्लाय मोठ्याने वाचले, निळी पिवळी जर्सीवाल्यांचा दोनदा, आणि मग म्हणाले बँकेला फोन करून लोन फाईल थांबवतो. दिरांना अजून सांगायचंय. मिनियापोलिसकर दादा, तुम्हाला मेसेज केलाय, जॅकेट कुठून घ्यायचं ते सांगा. दोन मेजरचा ईमेल ती आत्ता लिहायला बसलीय.