‘वाळवलेली’ द्राक्षं की ‘सुकवलेली’?

पाणंद : आमारोने या इटालियन रेड वाईनचं माहितीपत्रक मराठीत करतेय. व्हेरोनाजवळच्या वाल्पोलिचेल्लाच्या टेकड्यांत कोर्विना, रोंदिनेल्ला ही द्राक्षं काढून हवेशीर माळ्यावर एका थरात पसरतात, तीन-चार महिने तशीच ठेवतात आणि मग चुरतात. या क्रियेला तिथे ‘आप्पासिमेंतो’ म्हणतात. मी ‘वाळवलेल्या द्राक्षांची वाईन’ लिहिलं, तपासणाऱ्यांनी ‘मनुकांची वाईन’ केलं. मला दोन्ही खटकतंय.

चिंचगूळ : मनुका नकोच! त्या द्राक्षांचं वजन साधारण 35-40 टक्के घटतं. साल सुरकुततं, पण आत रस असतो, म्हणून तर वाईन होते. ‘वाळवलेली’ही नको. कुरडया वाळतात, गजरा सुकतो. सावलीत अंगचं पाणी हळूहळू उतरतं, ते सुकणं.

उंबरठा : मग सुकं खोबरं? त्यात कुठे ओल राहते?

द्राक्षबाग_तासगाव : आमच्याकडे बेदाणा शेडमध्ये जाळ्यांवर, सावलीतच करतात. तरी आम्ही ‘माल वाळला’ असंच म्हणतो. ऊन-सावलीचा नियम पुस्तकातला वाटतो. आणि कुणी ‘बेदाणा’ सुचवायच्या आधी सांगतो : फारसीत बे-दाना म्हणजे बिनबियांचा. कोर्विनात बी असते.

उंबरठा : मनुका मात्र आपला शब्द आहे, संस्कृत मृद्वीका. त्यावरून ‘मृद्वीकासव’ का करू नये? आसव, अरिष्ट घरात असताना ‘वाईन’ कशाला?

चिंचगूळ : मृद्वीकेचा मनुका कसा होईल? हिंदीतला मुनक्का पाहा, तो अरबी आहे. निवडून साफ केलेला, असा अर्थ. आणि ‘आसव’ म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे औषधाची बाटली येते. वाईनला वाईनच म्हणू द्या.

पाणंद : दुसरी अडचण चवीची. तपासणाऱ्यांनी ‘ड्राय’ला, म्हणजे गोडी न उरलेल्या वाईनला, ‘कोरडी’ केलंय. घसा कोरडा असतो, भाकरी कोरडी असते. पातळ पदार्थ कोरडा कसा?

सांजवेळ : व्हेरोनात प्यायले आहे, म्हणून लिहिते. पहिल्या घोटाला गोडच वाटते. आंबट चेरी, सुकं अंजीर, मागून कोकोसारखं काही. मग जीभ आवळते आणि शेवटी कडू बदामासारखी कडसर चव मागे राहते. नावातच आहे ते : आमारो म्हणजे कडू, ‘ओने’ लावलं की मोठा, थोर. अल्कोहोल किमान 14 टक्के, त्यामुळे घशात ऊब येते. पेला अर्धा तास तसाच ठेवला तर वास बदलत जातो. हिला ‘कोरडी’ म्हणणं मला अन्याय वाटतो. ‘अगोड’ म्हणा.

उंबरठा : ‘अगोड’ म्हणजे बेचव असं कुणीही समजेल. ‘बिनगोडीची’ बरं.

द्राक्षबाग_तासगाव : नाशिककडे वाईनरीत ‘ड्राय’च म्हणतात. जो शब्द कामावर चालतो तो घ्यावा.

सांजवेळ : जुनी वाईन गोड होती, तिचं नाव रेचोतो. तिचं एक पिंप विसरलं गेलं, सगळी साखर आंबून संपली आणि 1936 मध्ये नेग्रारच्या तळघरात ही कडू वाईन हाती लागली, असं तिथे सांगतात. रेचोतो हे नाव तिथल्या बोलीतल्या ‘रेचिए’वरून, म्हणजे कान. घडाच्या वरच्या बाजूला दोन्हीकडे निघतात ते झुपके. ऊन त्यांनाच जास्त, म्हणून गोडी जास्त. याला मराठीत काय म्हणायचं? ‘घडाचे कान’?

द्राक्षबाग_तासगाव : कान नाही, पाकळ्या! विरळणीला आम्ही मोजून ठेवतो.

चिंचगूळ : पण पाकळी घडाला वरपासून खालपर्यंत असते ना? फक्त वरच्या दोघींना वेगळं नाव आहे का?

द्राक्षबाग_तासगाव : वडील ‘खांद्याची पाकळी’ म्हणायचे. बाकी गावांत काय म्हणतात ते मलाही हवंय.