शब्दचर्चा : 'सीक्वेल'ला 'उत्तरार्ध' म्हणावं का?

विचारणा

'टर्मिनेटर २' हा इंग्रजी चित्रपट परवा पुन्हा पाहिला आणि त्यावर चार ओळी लिहायला बसले. पहिल्याच वाक्यात 'हा १९८४ च्या चित्रपटाचा उत्तरार्ध आहे' असं लिहिलं आणि थांबले. शब्द चुकतोय असं वाटतंय, पण नेमकं काय चुकतंय ते सांगता येत नाही. 'दुसरा भाग' फार कोरडा वाटतो. 'सीक्वेल' सगळ्यांना कळतो, पण आपल्याकडे खरंच शब्द नाही का?

प्रतिसाद

तुम्ही थांबलात ते योग्यच केलंत. 'उत्तरार्ध'मध्ये 'अर्ध' आहे, म्हणजे मुळात वस्तू एकच आणि तिची दोन अर्धुकं. सामन्याचा उत्तरार्ध, आयुष्याचा उत्तरार्ध, नाटकात मध्यंतरानंतरचा तो उत्तरार्ध. पूर्वार्ध एकटा ठेवला तर तो अपुरा वाटला पाहिजे. पहिला 'टर्मिनेटर' मुळीच अपुरा नाही. भविष्यातून आपल्याला मारायला आलेल्या यंत्रमानवाला, म्हणजे टर्मिनेटरला, संपवून सारा कॉनर पोटातल्या बाळाला घेऊन वादळाच्या दिशेने जीप हाकते आणि गोष्ट पुरी होते. पुढे काहीही आलं नसतं तरी कोणाची तक्रार नव्हती.

खरा उत्तरार्ध पाहायचा असेल तर 'ड्यून'चा २०२४ चा चित्रपट बघा. फ्रँक हर्बर्टची कादंबरी एकच, २०२१ मध्ये ती अर्ध्यावर सोडली आणि तीन वर्षांनी उरलेली सांगितली. तिथे 'उत्तरार्ध' हा शब्द चपखल बसतो.

'टर्मिनेटर २'साठी मला त्याच शब्दाचा पहिला अर्धा हवाय : 'उत्तर'. भवभूतीचं 'उत्तररामचरित' आहे, रामायणाचं उत्तरकांड आहे. तिथे उत्तर म्हणजे नंतरचं. पण प्रश्न आणि उत्तर यातलंही 'उत्तर' तेच, आणि दोन्ही अर्थ एका शब्दात राहतात हे आपलं भाग्य आहे. कारण जेम्स कॅमेरॉनचा १९९१ चा चित्रपट पहिल्याच्या नंतर येतो एवढंच नाही, तो पहिल्याला उत्तर देतो.

एक प्रसंग घ्या. मनोरुग्णालयातून सारा पळतेय, अनवाणी, गुळगुळीत फरशीवरून. समोर लिफ्टचं दार उघडतं आणि आत टर्मिनेटर उभा. तोच चेहरा, ज्याने पहिल्या चित्रपटात तिच्या माणसांना मारलं. सारा घसरून पडते, पाय झाडत मागे सरकते, ओरडत उलटी पळते. लिंडा हॅमिल्टनने त्या दोन क्षणांत सात वर्षांची भीती दाखवली आहे. मग तो हात पुढे करतो आणि म्हणतो, जगायचं असेल तर माझ्याबरोबर चल. हे वाक्य पहिल्या चित्रपटात काइल रीसचं आहे, याच यंत्रापासून तिला वाचवायला आलेल्या माणसाचं. आता तेच वाक्य त्या यंत्राच्या तोंडी आलंय. मी पहिल्यांदा पाहिलं ते भाड्याच्या व्हीसीआरवर, वाड्यातल्या एका खोलीत, दहाबारा जण दाटीवाटीने बसून. पहिला भाग पाहिलेले तिघेच होते आणि ते तिघेच त्या जागी 'अरे!' म्हणाले. बाकीच्यांना नुसतं वाक्य ऐकू आलं. त्या तिघांना उत्तर ऐकू आलं.

म्हणून माझा शब्द : उत्तरपट. बोलपट, माहितीपट, अनुबोधपट यांच्या रांगेत तो सहज बसतो.

दुसरा प्रतिसाद

'सवाई' चालेल का? मूळ अर्थ सव्वापट. धान्य सवाईने द्यायचं म्हणजे परत घेताना पावपट जास्त. सवाई गंधर्वांच्या नावात तोच शब्द आहे. आणि हा चित्रपट पहिल्यापेक्षा सवाई आहे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. चार ऑस्कर मिळाले आहेत त्याला.

त्यावर

'सवाई' हा निवाडा झाला, नाव नाही होत. पडलेल्या सीक्वेलला काय म्हणाल? शिवाय सव्वापट काय आहे तेही पाहायला हवं. पैसा, गाड्या, स्फोट हे सव्वापट नाही, कितीतरी पटींनी जास्त आहेत. पण भीती? ती मला पहिल्यातच जास्त वाटते. तिथे साराच्या बाजूने फक्त एक जखमी माणूस होता. इथे टर्मिनेटर झालेला श्वार्झनेगरच आपल्या बाजूला उभा, म्हणजे निम्मी भीती तिथेच गेली. वाळवंटातला मधला भागही मला जरा लांबतो.

तरी टी-१००० साठी, म्हणजे या भागातल्या वितळत्या धातूच्या नव्या मारेकरी यंत्रासाठी, मी हे सगळं सोडून देईन. ते काम करणारा रॉबर्ट पॅट्रिक धावतो तेव्हा त्याचं तोंड मिटलेलं असतं, धाप लागत नाही. त्याच रुग्णालयात तो बंद गजांच्या दारातून आरपार येतो, चेहरा गजांमधून ओघळून पलीकडे पुन्हा जमतो, आणि हातातलं पिस्तूल मात्र गजाला अडकतं. खट् आवाज येतो. तो पिस्तूल आडवं फिरवून काढून घेतो. शरीर द्रव आहे, पिस्तूल घन आहे, हे एका आवाजात समजतं. संगणकाची चित्रं तेव्हा नवी होती, पण मला पटतं ते त्या खट् आवाजामुळे.

'लिक्विड मेटल'ला 'द्रवरूप धातू' लिहू नका, पाठ्यपुस्तकातलं वाटतं. सोनार वितळलेल्या सोन्याला रस म्हणतात. जुना टर्मिनेटर घडीव, सुट्या भागांचा जोडलेला. नवा ओतीव. 'घडीव आणि ओतीव यांची झुंज' म्हटलंत की ओतकाम पाहिलेल्या कोणालाही कळेल. शेवट पोलादाच्या कारखान्यात होतो, तेव्हा तर हे शब्द तिथलेच वाटतात.

शंका

'उत्तर' म्हटलं की मला उत्तरक्रिया, उत्तरकार्य आठवतं. चित्रपटाच्या नावाला हा वास नको. 'उत्तरपट' माझ्या जिभेवर यायचा नाही.

त्यावर

तुमची अडचण खरी आहे. आमच्या आईनेही ऐकल्याबरोबर हेच म्हटलं असतं. पण घरातलाच आणखी एक शब्द आहे, उत्तरपूजा. गणपती हलवायच्या आधी ती करतात, आणि अक्षता टाकताना 'पुनरागमनाय च' म्हणतात. निरोप आहे, पण परत ये असं सांगून दिलेला.

आता चित्रपटाचा शेवट आठवा. टर्मिनेटरच्या डोक्यातली चिप जगात राहिली तर यंत्रांच्या हातून माणसांचा विनाश पुन्हा ओढवणार, म्हणून तो स्वतःच सांगतो की मला खाली सोडा. स्वतःला संपवणं त्याच्या बांधणीत नाही, म्हणून साखळीचं बटण सारा दाबते. तिचा मुलगा जॉन रडतोय. तप्त रसात पाय जातात, छाती जाते, चेहरा जातो, शेवटी हात उरतो आणि त्याचा अंगठा वर येतो. चौपाटीवर मूर्तीचा मुकुट पाण्याखाली जाताना पाहिलेल्या माणसाला तो आवंढा ओळखीचा असतो. फरक एकच, इथे परत ये म्हणायचं नाही. तो परत येऊ नये म्हणूनच हे सगळं केलंय. 'भवितव्य ठरलेलं नाही' हे जे उत्तर या चित्रपटाने दिलं, ते या निरोपावर उभं आहे.

२००३ च्या तिसऱ्या चित्रपटाने सांगितलं की तो विनाशाचा दिवस टळला नव्हता, फक्त पुढे गेला होता. त्याला मी उत्तरपट म्हणणार नाही. तिथे 'पुढचा भाग' लिहा.