मदत हवी आहे : होमस्टेसाठी लाकूड-ब्रिकेटवरचा बॉयलर कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी. कुडाळजवळ आमचा 8 खोल्यांचा होमस्टे आहे. सध्या सगळ्यांची अंघोळ तांब्याच्या दोन बंबांवर चालते. आई पहाटे साडेचारला उठून बंब पेटवते. पावसाळ्यात लाकडं ओली असतात, पडवीभर धूर होतो आणि तिचा खोकला थांबत नाही. सोलर आहे, पण जून ते सप्टेंबर त्याचा काही उपयोग होत नाही.

वाफ नको, फक्त सकाळी 500 लिटर पाणी 60 अंशांपर्यंत तापवायचं आहे. माझ्या हिशेबाने त्याला 17,500 किलोकॅलरी लागतात, म्हणजे नुकसान धरून 8-10 किलो सुकी लाकडं.

गावात काजूची टरफलं स्वस्त मिळतात. पण एकदा बंबात घातली तर त्यांतल्या तेलाने नळकांडं आतून डांबरासारखं माखलं. टरफलं पचवणारा बॉयलर कोणी वापरलाय का? की ब्रिकेटच (भुसा दाबून केलेले जळाऊ ठोकळे) बरे? टाकी साध्या लोखंडाची चालेल की स्टेनलेसच हवी? आमच्या विहिरीच्या पाण्याने लोखंड लवकर गंजतं.

वीज वारंवार जाते, त्यामुळे पंख्याशिवायही पेटता राहणारा हवा. मुख्य म्हणजे बिघडल्यावर दुरुस्तीला माणूस येतो का? किमान दोन पावसाळे वापरलेल्यांनी कृपया सांगा.