'ऑसिलेटर चिप' : दोलक, आंदोलक की नुसतं ऑसिलेटर?

प्रश्न : घरी मॉड्युलर सिंथेसायझर (सुटे भाग तारांनी जोडून वाजवायचं इलेक्ट्रॉनिक वाद्य) बांधतो आहे आणि टिपणं मराठीतच ठेवतो आहे. ऑसिलेटरला, म्हणजे त्यात मूळ स्वर निर्माण करणाऱ्या सर्किटला, दोलक लिहावं की आंदोलक? आणि ४०१०६, ३३४० अशा त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सगळ्या चिपांना सरसकट 'आंदोलक चिप' म्हटलेलं चालेल का?

– आंदोलक लिहा. दोलक वाचलं की घड्याळाचा लंबकच डोळ्यांपुढे येतो. शिवाय संगीतात हा शब्द आपल्याकडे रुळलेला आहेच : स्वराच्या फ्रिक्वेन्सीला आपण आंदोलनसंख्या म्हणतो. दरबारीचा गंधारही आंदोलित असतो, पण तो स्वराचा संथ झोल. सिंथमध्ये त्याला वेगळा शब्द ठेवा.

– आंदोलक म्हणजे घोषणा देणारी माणसं, हा अर्थ आता इतका पक्का झालाय की मला तरी 'आंदोलक तापला' असं लिहिता येणार नाही. मी ऑसिलेटरच लिहितो.

– वाक्यात एकटा आला तर अडचण होते हे मान्य. 'आंदोलक चिप' म्हटलं की ती राहत नाही. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो प्रश्नाचा दुसरा भाग. हा समास दोन तऱ्हांनी सुटतो : आंदोलक हीच चिप, किंवा आंदोलकासाठी वापरलेली चिप.

४०१०६ ही मुळात सहा श्मिट ट्रिगर इन्व्हर्टरांची (इनपुटच्या उलट आउटपुट देणारे, चढताना आणि उतरताना वेगवेगळ्या मर्यादेला पलटणारे) लॉजिक चिप. एका इन्व्हर्टरला एक रेझिस्टर, एक कपॅसिटर जोडा. कपॅसिटर वरच्या मर्यादेपर्यंत भरतो, आउटपुट पडतं, तो खालच्या मर्यादेपर्यंत रिकामा होतो, की पुन्हा भरू लागतो. आउटपुटचा हा हेलकावा म्हणजेच चौकोनी लहर. तेव्हा '४०१०६ चा आंदोलक' म्हणा. सीईएम३३४० (तुमची ३३४०) मात्र खरोखरच आंदोलक चिप : बाहेरून कपॅसिटर तिलाही लागतो, पण एका व्होल्टला एक सप्तक हे गणित आणि तापमानाची भरपाई तिच्या पोटातच आहे. प्रॉफेट-५ या सिंथेसायझरच्या तिसऱ्या आवृत्तीत हीच होती. आज अल्फा कंपनीची एएस३३४० तिच्या जागी थेट बसते.

प्रश्न : मग घ्यावी कुठली?

– 'वाजणं' आणि 'सुरात वाजणं' यांतला फरक धरून ठरवा. गुणगुण, खरखर, ताल हवा असेल तर ४०१०६ पुरते, आणि मला तिचा आवाज मनापासून आवडतो. की-बोर्डवरून धून वाजवायची तर ३३४०. एका स्वराला, म्हणजे सप्तकाच्या बाराव्या भागाला, ८३.३ मिलिव्होल्ट मिळतात. ५ मिलिव्होल्टची चूक म्हणजे ६ सेंट (सेंट म्हणजे अशा एका स्वराचा शंभरावा भाग), आणि ती कानाला कळते. सुट्या ट्रान्झिस्टरांवर भरपाईशिवाय हेच गणित बांधलंत तर तापमान एका अंशाने चढताच पाच सप्तकांच्या अंतरात सुमारे २० सेंटांचा फरक पडतो.

– या 'ड्रिफ्ट'ला काय म्हणता? मी 'बेसूर होणं' लिहीत होतो.

– बेसूर नको, ते एका क्षणाचं वर्णन झालं. ड्रिफ्ट हळूहळू होतो. 'सूर ढळणं' लिहा.